आखूड केसांच्या कुत्र्याची घरच्या घरी निगा : किनारपट्टीवरच्या घरांसाठी माहितीपत्रक

लॅब्रॅडोर, बीगल, पग, बॉक्सर, डॉबरमन, डाल्मेशियन आणि आपला गावठी कुत्रा, यांपैकी कोणी तुमच्या घरी असेल तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे.

आमच्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांचं म्हणणं असतं, "आमच्याचे केस आखूड आहेत, त्याचं काय विशेष करायचं? शाम्पू तेवढा द्या." लांब केसांच्या कुत्र्याचे केस गुंततात, गाठी होतात, म्हणून मालकाला रोज त्याच्या अंगाला हात लावावाच लागतो. आखूड केसांच्या कुत्र्याच्या बाबतीत तशी वेळच येत नाही. तो लांबून चकचकीत दिसतो आणि काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात काय चाललंय ते महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. कोकणात एवढी ढिलाई परवडत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेल्या दिवसांत समुद्रावरची दमट हवा असतेच. म्हणून आमचा सल्ला असा, की शाम्पू कमी वापरा. रबरी ब्रश, कोरडा टॉवेल आणि स्वतःचा हात जास्त वापरा.

ब्रश

आखूड केस कमी गळतात हा गैरसमज आहे. लॅब्रॅडोरला वरच्या केसांखाली दाट लव असते आणि ती वर्षभर गळते. बीगलचंही तेच. हे केस बारीक आणि ताठ असल्यामुळे सोफ्याच्या कापडात रुततात आणि झाडूने निघत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे केस जमिनीवर पडायच्या आधीच ब्रशमध्ये गोळा करणं.

तारेचा ब्रश या कुत्र्यांना नको. केस आखूड असल्याने तारा थेट कातडीला लागतात आणि ओरखडे उठतात. मऊ रबरी दात्यांचा ब्रश किंवा तसाच हातमोजा घ्या. आधी मानेपासून शेपटीकडे लहान लहान गोल फिरवा, म्हणजे सुटलेले केस आणि कोंडा वर येतो. मग केसांच्या दिशेने साध्या केसाळ ब्रशने झाडून काढा. शेवटी ओलसर कापडाने पुसा. आठवड्यातून दोन-तीन वेळा, पाच-दहा मिनिटं पुरे. हे काम खळ्यात किंवा मागच्या दारी करा, पडवीत नको. पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला केस विरळ असतात, तिथे ब्रश न लावता नुसता हात फिरवा.

मे महिन्यात काही जण लॅब्रॅडोरचे केस मशीनने काढून द्यायला सांगतात. ते आम्ही करत नाही. केस उन्हापासून कातडीचं रक्षण करतात. ते काढल्याने कुत्र्याला गारवा मिळत नाही, उलट कातडी भाजते. उकाड्यासाठी सावली, पाणी आणि थंड लादी पुरेशी असते.

अंघोळ

निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा अंघोळ पुरते. दर रविवारी साबण लावला तर कातडीवरचं नैसर्गिक तेल जातं, कोंडा होतो, कुत्रा खाजवतो, आणि खाजवतोय म्हणून आपण पुन्हा अंघोळ घालतो. माणसाचा साबण किंवा शाम्पू वापरू नका, लहान बाळाचासुद्धा नको. आपली त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची तेवढी नसते, त्यामुळे आपल्यासाठी बनवलेला शाम्पू त्याला मानवत नाही. पाण्यात जंतुनाशक द्रव घालण्याची सवयही सोडा. त्याने कातडीची आग होते आणि अंग चाटताना ते पोटात जातं.

पाणी कोमट हवं. बंबातलं कढत पाणी थेट ओतू नका. न्हाणीत पायाखाली गोणपाट टाका, घसरण्याची भीती गेली की निम्मी धडपड कमी होते. शाम्पू आधी मगभर पाण्यात कालवा, नाहीतर एकाच जागी बसतो. लावण्यापेक्षा धुण्यात जास्त वेळ घालवा. काखेत आणि जांघेत राहिलेला फेस हे आमच्याकडे येणाऱ्या खाजेचं नेहमीचं कारण आहे. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो लावून साधारण दहा मिनिटं तसाच ठेवायचा असतो. लगेच धुतलात तर औषध वाया जातं.

पुसायला दोन टॉवेल घ्या. एक पाणी टिपायला, दुसरा मुळापर्यंत कोरडं करायला. वरचे केस सुकलेले दिसतात तेव्हा लॅब्रॅडोरची लव अजून ओलीच असते. बोटं उलट्या दिशेने फिरवून कातडीला हात लावून पाहा. पगच्या तोंडावरच्या घड्या रोज कोरड्या कापडाने पुसा, तिथे ओल राहिली की चार दिवसांत लाल होतात.

अंगाला खोबरेल तेल चोळण्याची इथे पद्धत आहे. प्रेमाने केलेलं असतं हे आम्हाला कळतं, पण दमट हवेत ते नको. तेल वाळू आणि धूळ धरून ठेवतं. कुत्र्याच्या कातडीवर वाढणारी एक नेहमीची बुरशी तर तेलकटपणावरच जगते. काखेतून आंबूस वास, चिकट केस, काळवंडलेली जाड कातडी अशी लक्षणं दिसली तर ती बुरशी असू शकते. ती अत्तरी पावडरने जात नाही, डॉक्टरांना दाखवावी लागते.

समुद्रावरून आल्यावर

भाट्ये, आरे-वारे, गणपतीपुळे, कुठेही फिरवून आणलंत तरी घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. शाम्पूची गरज नाही. खारं पाणी सुकलं की मीठ कातडीवर राहतं आणि वाळू बोटांच्या बेचक्यात घासते. फिरताना पिण्याचं पाणी सोबत ठेवा. तहानेने समुद्राचं पाणी प्यायला तर उलट्या-जुलाब होतात.

जाळ्यातून टाकलेल्या कुजक्या मासळीत लोळणं हा कुत्र्यांचा आवडता उद्योग. अशा वेळी आधी केस ओले न करता कोरड्या कापडाने घाण पुसून काढा, मग दोनदा शाम्पू लावा.

पावसाळ्यातले पाय

पागोळ्यांखालून, पाणंदीतून, मळ्यातून आलेला कुत्रा दारातच थांबवा. चारही पाय साध्या पाण्याने धुवा आणि प्रत्येक बोटाची फट कापडाने कोरडी करा. दिवसभर पाय चाटत बसत असेल तर फटी उघडून पाहा. लाली, वास किंवा तपकिरी डाग दिसले तर तिथे ओल साचते आहे. घरी धुपाटण्यावर किंवा चुलीजवळ शेकवू नका, तळव्यांना चटका बसतो.

भातखाचरातलं साचलेलं पाणी तो पिणार नाही याकडेही लक्ष असू द्या. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते, ती पावसाच्या आधी झालेली बरी.

गोचीड

या पत्रकातलं बाकी काही राहिलं तरी चालेल, हे मात्र वाचा.

रोज संध्याकाळी एकदा सगळ्या अंगावरून हात फिरवायचा. कानाच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी, बोटांच्या फटीत. आखूड केसांचा हा मोठा फायदा आहे, तिळाएवढी गोचीडही बोटाला लागते. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ, सावकाश ओढा. पिळू नका. रॉकेल ओतणं, पेटती अगरबत्ती टेकवणं हे प्रकार बंद करा. त्याने गोचीड लाळ आणखी आत सोडते आणि कुत्रा भाजतो. काढलेली गोचीड नखावर चिरडू नका, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. जागा साबणाने धुवा, स्वतःचे हातही.

कुत्र्याच्या नेहमीच्या तपकिरी गोचिडीचं बहुतेक आयुष्य कुत्र्याच्या अंगावर जातच नाही. रक्त पिऊन झालं की ती गळून पडते आणि भिंतीच्या फटीत शिरते. तिथे कात टाकते, आणि मादी तिथेच हजारांनी अंडी घालते. आपली गिलावा न केलेली चिऱ्याची घरं तिला अगदी सोयीची. म्हणून अंगावरच्या काढूनही पुन्हा येतात. कुत्रा झोपतो त्या भोवतीच्या फटी सिमेंटने बुजवा, खाटेखालचे आणि दाराच्या चौकटीचे कोपरे झाडा, त्याचं अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवून उन्हात टाका.

या गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात, ज्याला आपण गोचीडताप म्हणतो. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या झाल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रानात जाणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावरून जंगलातल्या गोचिडीही घरात येतात. २०१६ साली दोडामार्ग भागात माकडतापाची साथ आली होती, तो ताप माणसाला अशा रानातल्या गोचिडीतूनच होतो.

मानेवर सोडायचं औषध वापरत असाल तर आधी दोन आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. घरात मांजर असेल तर आम्हाला जरूर सांगा. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

कान, नखं, दात

लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून बीगल आणि लॅब्रॅडोरचे कान आठवड्यातून एकदा उघडून पाहा. कुत्र्याची कानाची नळी आत जाऊन वळते. काडीच्या कापसाने मळ आत ढकलला जातो, त्यामुळे बोटाला कापूस गुंडाळून दिसतं तेवढंच पुसा. वास येत असेल किंवा तो सतत डोकं झटकत असेल तर घरी काही घालू नका.

लादीवर टकटक वाजायला लागलं की नखं वाढली. नखात जिवंत शीर असते. पांढऱ्या नखात गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही. काळं नख अगदी पातळ पातळ कापत जा, कापलेल्या भागाच्या मध्ये गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लॉवर दाबून धरा. पायाच्या आतल्या बाजूला वर असलेलं अंगठ्याचं नख जमिनीला घासत नाही, ते वळून मांसात शिरतं. तेवढं विसरू नका.

दातांसाठी कुत्र्यांचीच पेस्ट वापरा. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड, आणि काहींत असलेलं झायलिटॉल, गिळलं तर घातक असतं.

गोचिडीवरची औषधं आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. कुत्र्याचं वजन, वय आणि इतर आजार पाहूनच ती ठरवायची असतात. रबरी ब्रश कसा फिरवायचा आणि नख कापताना कुठे थांबायचं हे मात्र दुकानात कुत्र्याला घेऊन आलात तर त्याच्याच अंगावर दाखवून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.