गाडी उचलावी की चाक बदलावे?

पावसाळ्यातली पाणंद पाहिली की नव्या ऑफ-रोड गाडीच्या मालकाला आपली गाडी एकाएकी बुटकी वाटू लागते. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोरी पाडलेली असते, मध्ये गवताचा उंच वरंबा उरलेला असतो, आणि आपली चाके त्या चाकोरीत उतरली की गाडीचे पोट वरंब्यावर घासत जाते. तो आवाज ज्याने एकदा ऐकला, तो दुसऱ्या दिवशी ‘दोन इंचांची लिफ्ट कितीला बसते’, म्हणजे सस्पेन्शनवर गाडी दोन इंच उंच करून घ्यायला किती पैसे पडतात, याची चौकशी करू लागतो. मीही केली होती. गॅरेजमध्ये आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मात्र टेप घेऊन गाडीखाली झोपलो, आणि घासले होते ते नेमके काय, हे पाहिले.

गाडी मारुती सुझुकीची पाच दरवाजांची जिम्नी. खालच्या बाजूला सर्वांत खाली लोंबत होता तो मागच्या आसावरचा डिफरेन्शियलचा गोळा, म्हणजे इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांना वाटून देणाऱ्या दातेरी चाकांची पेटी, आणि सुकलेल्या चिखलाचा जाड थर त्याच्यावरच होता. या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतले अंतर, कंपनीच्या कागदावर २१० मिलिमीटर आहे. जिम्नीचे पुढचे आणि मागचे, दोन्ही आस अखंड आहेत, म्हणजे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच कडक दांडा आणि त्याच्या पोटात डिफरेन्शियल. सस्पेन्शनच्या स्प्रिंगा या आसाच्या वर बसतात. त्या स्प्रिंगा ५० मिलिमीटरने उंच केल्या तर चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा, बॉडी आणि बंपर ५० मिलिमीटर वर जातात, परंतु आस जिथल्या तिथे राहतो, कारण त्याची जमिनीपासूनची उंची फक्त चाकाच्या त्रिज्येवर ठरते. ज्या गोळ्याने वरंबा खरवडला, तो महागडी लिफ्ट बसवल्यानंतरही तसाच खरवडत राहिला असता.

आपल्याकडच्या जुन्या बैलगाडीकडे या नजरेने पाहावे. तिला स्प्रिंग नव्हती, शॉक अॅब्सॉर्बर नव्हता, पण लोखंडी धाव चढवलेले तिचे लाकडी चाक माणसाच्या छातीला लागेल इतके मोठे असे आणि आस त्याच्या अर्ध्यावर. चिखलातून आणि दगडगोट्यांतून वाट काढायची तर चाक मोठे हवे, हे त्या सुतारांना पक्के ठाऊक होते.

मोठे चाक म्हणजे नेमके किती मोठे, हे टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांतून काढता येते. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ आहे. रुंदी १९५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १५६ मिलिमीटर, आणि आतली रिम १५ इंचांची म्हणजे ३८१ मिलिमीटरची. वरची आणि खालची कड मिळून ३१२, त्यात रिम मिळवली की चाकाचा व्यास ६९३ मिलिमीटर होतो. त्याच रिमवर २१५/७५ चा टायर घेतल्यास व्यास साधारण ७०४ मिलिमीटर होतो, म्हणजे आस जेमतेम पाच मिलिमीटर वर जातो. २३५/७५ चा घेतल्यास व्यास ७३३ च्या पुढे जातो आणि आस २० मिलिमीटर उचलला जातो. ऐकायला हे फार नाही, पण हे २० मिलिमीटर गोळ्याखालचे आहेत, बंपरखालचे नव्हेत.

या वाढीची किंमतही असते. व्यास जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढला की स्पीडोमीटरचा काटा ८० वर असताना गाडी मूळ हिशेबापेक्षा तितक्याच टक्क्यांनी जोरात, म्हणजे ८५ च्या आसपास, धावत असते, आणि चाकाच्या कडेला मिळणारी ओढ साडेपाच टक्क्यांनी घटते. खडकाळ चढावर ४एल मध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या मंद गिअरमध्ये, जिथे ट्रान्सफर केस ही जादा गिअरपेटी गती निम्मी करून ओढ दुप्पट करते, ही घट जाणवत नाही. घाटात चार माणसे आणि सामान घेऊन ओव्हरटेक करताना मात्र ती चांगलीच जाणवते. शिवाय मोठा टायर जड असतो आणि त्याचे बहुतेक वजन परिघाशी असते, त्यामुळे तो फिरवायला आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो. पूर्ण स्टीअरिंग वळवून, एक चाक दगडावर चढवून तो आत कुठे घासत नाही ना, हे बसवण्यापूर्वीच तपासलेले बरे.

आता पकडीकडे येऊ, आणि इथे माझे मत स्पष्ट आहे. नव्या मालकाने पहिले पैसे लिफ्टवर घालू नयेत, टायरवरही लगेच घालू नयेत, तर हवेचा दाब मोजणारे एक चांगले मीटर आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप यांवर घालावेत. कारण साध्या भागाकारात आहे. माणसांसह गाडीचे वजन १४०० किलो धरले तर प्रत्येक चाकावर सुमारे ३५० किलो येतात. टायरमध्ये २६ पीएसआय हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १.८ किलो, तर हा भार तोलायला १९० चौरस सेंटीमीटर जागा जमिनीला टेकावी लागते. पसरलेल्या पंजाहून ही जागा थोडीशीच मोठी. हवा १६ पीएसआयवर आणली तर हाच हिशेब ३१० चौरस सेंटीमीटरवर जातो. टायरच्या कडाही थोडा भार पेलतात, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ याहून कमी होते, पण होते, आणि तीही रुंदीत कमी व लांबीत जास्त होते. टायर रुंदीला फारसा पसरत नाही, तो रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांब टेकतो, आणि मऊ जमिनीत नेमके तेच हवे असते.

शाळेत आपण शिकलो की घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. मग लांब टेकल्याने फायदा का व्हावा? कारण चिखलात चाक जमिनीवर घसरत नसते, ते जमिनीलाच कापत असते. चाकाला मिळणारी ओढ ही मातीच्या कापले न जाण्याच्या ताकदीइतकीच असू शकते, आणि ही ताकद दोन गोष्टींची बेरीज असते : मातीच्या कणांची एकमेकांना असलेली चिकटण आणि दाबाखाली त्या कणांमध्ये निर्माण होणारे घर्षण. चिकणमातीत चिकटणीचा वाटा मोठा असतो, आणि चिकटण जितक्या क्षेत्रावर मिळेल तितकी ओढ वाढते. कोरड्या वाळूत चिकटण जवळपास शून्य, म्हणून तिथे क्षेत्र वाढवण्याचा फायदा वेगळ्या मार्गाने मिळतो : चाक कमी रुतते, आणि स्वतःच खणलेल्या खड्ड्यातून सतत वर चढत राहण्याचा त्रास वाचतो. या विषयाची शास्त्रीय बैठक घालणाऱ्यांत पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मेचिस्वाव्ह बेकर यांचे नाव अग्रभागी आहे. १९७१ मध्ये अपोलो १५ सोबत चंद्रावर गेलेल्या गाडीच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. त्या गाडीची चाके हवेची नव्हती, जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांच्या जाळीची होती, पण ओझ्याखाली चपटे होऊन लांब टेकायचे काम ती जाळीही करीतच होती.

वाळूचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कोकणच्या किनाऱ्यावर गाडी घालून हे प्रयोग करू नयेत. त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात.

टायरची नक्षी निवडताना आपल्या वाटेवर कोणती माती आहे, हे पाहावे लागते. देशावरची काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली, पाणी पिऊन फुगणारी आणि बुटाला शेरशेरभर चिकटणारी. हायवेच्या साध्या टायरच्या बारीक खाचा तिने दहा पावलांत भरून जातात आणि टायर गुळगुळीत रूळ होऊन बसतो. मड-टेरेन म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरच्या ठोकळ्यांमधील रुंद, खोल फटी यासाठीच असतात : चाक जरा जोरात फिरले की अडकलेला चिखल बाहेर फेकला जावा आणि ठोकळ्यांनी पुन्हा नवी माती धरावी. सह्याद्रीतल्या ओल्या कातळाला मात्र हे ठोकळे आवडत नाहीत. तिथे मऊ रबर, बारीक चिरा आणि कमी हवा यांचे चालते. कोकणातल्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर जवळपास काहीही चालते. आणि या सगळ्या वाटांपर्यंत पोहोचण्यासाठी जी शंभर-दीडशे किलोमीटर ओली डांबरी सडक कापावी लागते, तिच्यावर मड-टेरेन टायर आवाज करतो, डिझेल-पेट्रोल खातो आणि, जे सर्वांत वाईट, ब्रेक मारल्यावर उशिरा थांबतो. म्हणून ज्याची गाडी आठवडाभर ऑफिसला जाते आणि महिन्यातून एकदा पाणंदीत उतरते, त्याने ऑल-टेरेन, म्हणजे सडक आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा मधला, टायर घ्यावा. टायर घेताना नक्षीबरोबर भारांक, म्हणजे टायर किती ओझे पेलतो याचा आकडा, तोही वाचावा. मूळ टायरवर ९६एस असे लिहिलेले असते. यातले ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. नवा टायर भारांकात याच्या खाली उतरता कामा नये.

इतके सगळे झाल्यावर लिफ्टकडे यावे. ती निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. बंपर चढाला टेकतो, दोन चाकांच्या मधले पोट उंचवट्यावर बसते किंवा मोठा टायर आत घासतो, या तीन तक्रारींवर लिफ्ट हाच इलाज आहे. फक्त लिफ्ट कोणत्या प्रकारची, हे विचारावे. स्प्रिंगच्या वर रबराची किंवा धातूची चकती घालून केलेली लिफ्ट स्वस्त असते. ती उंची देते, पण शॉक अॅब्सॉर्बर तेवढ्याच लांबीचा राहत असल्याने चाकाचा खाली लोंबण्याचा पल्ला तितकाच कमी होतो. खड्ड्यात चाक खाली न उतरता हवेत राहिले, तर ते नुसते गरगरते. लांब स्प्रिंग आणि तिला जुळणारा लांब शॉक एकत्र घेतला तरच पल्ला मिळतो. मारुतीच्या जुन्या जिप्सीसारख्या कमानपाट्यांच्या गाडीत गणित वेगळे असते, तिथे पाट्यांचा वाक आणि पाट्यांचे टोक चॅसीला जोडणारी कडी, म्हणजे शॅकल, यांवर काम केले जाते.

पन्नास मिलिमीटरने आणखी काय काय हलते, हे एका उदाहरणात पाहता येते. आस डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून त्याला एका तिरक्या दांड्याने चॅसीशी बांधलेले असते, त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. समजा हा दांडा ८०० मिलिमीटर लांब आहे आणि त्याचे चॅसीकडील टोक आधीच १०० मिलिमीटर वर आहे. गाडी ५० मिलिमीटर उचलली की ते टोक १५० मिलिमीटर वर जाते. दांड्याची लांबी बदलत नाही, म्हणून त्याची आडवी पोहोच सुमारे आठ मिलिमीटरने घटते आणि अख्खा आस तेवढा एका बाजूला ओढला जातो. आसाला पुढे-मागे धरणाऱ्या आर्मचेही तसेच. तो एक मीटर लांब धरला तरी ५० मिलिमीटरच्या उचलीने तीन अंशांच्या आसपास फिरतो, आणि पुढच्या चाकाचा कॅस्टर कोन, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, ज्याच्यामुळे स्टीअरिंग आपसूक सरळ होते, कमी होतो. मग हायवेवर गाडी भरकटल्यासारखी वाटते. इंजिनचा जोर आसाकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन क्रॉस-जॉइंटचे, म्हणजे वळणाऱ्या सांध्यांचे, कोन एकमेकांना जुळेनासे झाले तर थरथर सुरू होते. ब्रेकच्या रबरी नळ्या चाक लोंबल्यावर ताणल्या जातात. यातले प्रत्येक दुखणे दुरुस्त करता येते, पण लिफ्टचा भाव सांगताना या दुरुस्त्यांचा भाव सहसा कोणी सांगत नाही. महिंद्राच्या थारसारख्या गाडीत, जिथे पुढची चाके स्वतंत्रपणे हलतात, वाढलेला कोन थेट पुढच्या ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यांवर येतो, म्हणून तिथे हाव आणखी आवरावी.

कलंडण्याचे गणितही करून पाहिले. दोन चाकांमधील अंतर १४०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर धरला, तर उभी गाडी कागदावर ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडते. ५० मिलिमीटरची लिफ्ट चाके व आस सोडून बाकी सर्व उचलते, म्हणजे गुरुत्वमध्य साधारण ४० मिलिमीटर वर जातो आणि कोन दीड अंशाने घटतो. चालत्या गाडीत स्प्रिंगा दबतात, त्यामुळे खरी मर्यादा याच्या पुष्कळ खाली असते. मला या हिशेबात वेगळीच गोष्ट सापडली : टपावरच्या कॅरिअरमध्ये ५० किलो सामान ठेवले, तरी गुरुत्वमध्य तितकाच, चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर, वर जातो. लिफ्टला घाबरणारी मंडळी स्टेपनी आणि पाण्याचे कॅन टपावर बांधून खुशाल फिरत असतात.

कायद्याची बाजू टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच मर्यादा ठामपणे सांगितली. पुढे विम्याचा दावा करावा लागला, तर हाच मुद्दा आडवा येऊ शकतो. म्हणून परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोन्ही ठिकाणी आधी विचारावे, गॅरेजवाल्याचे ‘काही होत नाही साहेब’ यावर विसंबू नये.

मी शेवटी २१५/७५ चे ऑल-टेरेन टायर घेतले आणि लिफ्टचा विचार सोडला. पुढच्या पावसात त्याच पाणंदीच्या तोंडाशी थांबून चारही चाकांची हवा १६ वर आणली, ४एल लावला, आणि चाके चाकोरीत न उतरवता एक वरंब्यावर, दुसरे बांधाकडेच्या गवतावर, अशी हळूहळू नेली. गोळा वरंब्याच्या बाजूने, चाकोरीच्या मोकळ्या खाचेवरून गेला. पलीकडे डांबरी लागल्यावर पंप लावून हवा पुन्हा भरत बसलो, तेव्हा मागून आलेला ट्रॅक्टरवाला इंजिन चालू ठेवून बराच वेळ पाहत होता. चौथे चाक भरत असताना त्याने विचारले, ‘पंक्चर झाली का हो चारी?’