ड्राइव्हवे, डांबरी : घरगुती दुरुस्तीचे नियोजन

घराच्या फाटकापासून पोर्चपर्यंत वाहन नेण्यासाठी आवारात केलेला डांबरी पृष्ठभागाचा रस्ता उखडला, खचला किंवा भेगाळला असता घरमालकाने करावयाची पाहणी, मोजमाप, सामग्रीची निवड आणि कामाची वेळ ठरवणे यांचा समावेश या नियोजनात होतो. सोलापुरात घरासमोर शहाबादी फरशी, कोबा किंवा पेव्हर ब्लॉक घालण्याचाच प्रघात अधिक असल्यामुळे डांबरी ड्राइव्हवे मुख्यतः मोठ्या आवाराचे जुने बंगले, सोसायट्यांचे अंतर्गत रस्ते, मंगल कार्यालये आणि शहराबाहेरील शेतघरे येथे आढळतात.

संज्ञा व व्युत्पत्ती : ‘डांबर’ या शब्दाच्या मुळाविषयी एकवाक्यता नाही. हिंदीतील ‘डामर’ आणि मलाय भाषेतील ‘दामर’ यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. मलाय शब्दाचा अर्थ झाडाची राळ असा असून ही राळ नौकांच्या फटी बुजवण्यासाठी वापरली जात असे. समुद्री व्यापारातून शब्द किनाऱ्यावर आला आणि पुढे देशावर पोहोचला, ही उपपत्ती अर्थाच्या दृष्टीने जुळते. कन्नडमध्येही ‘डांबरु’ असे रूप आहे, परंतु ते मराठीतून तिकडे गेले की तिकडून इकडे आले, हे केवळ रूपसाम्यावरून सांगता येत नाही. सोलापूरच्या तेलुगू भाषकांत मात्र इंग्रजीवरून आलेला ‘तारु’ हा शब्द रूढ आहे, त्यामुळे एकाच गल्लीत एकाच पदार्थाला दोन नावे ऐकू येतात. ‘डांबिस’ या शब्दाशी असलेले साम्य योगायोगाचे मानणे बरे.

व्युत्पत्तीपेक्षा अर्थाचा घोळ दुरुस्तीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मराठीत दगडी कोळशापासून मिळणारे कोलटार आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उरणारे बिटुमेन या दोन्हींना डांबर म्हणतात. कपाटातील कपड्यांत ठेवली जाणारी डांबरगोळी नॅफ्थॅलीनची असते आणि नॅफ्थॅलीन हे कोलटारपासून मिळत आले आहे. यावरून, आधुनिक वापरात हा शब्द आधी कोलटारशी निगडित असावा आणि पुढे रस्त्यावरच्या बिटुमेनलाही लागला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथील तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाल्यावर देशी बिटुमेन अधिक प्रमाणात उपलब्ध होऊ लागले. आज रस्त्यासाठी वापरतात ते बिटुमेनच. कोलटार कर्करोगकारक ठरलेले असल्याने घराच्या आवारात ते वापरू नये. दुकानात ‘डांबर द्या’ एवढेच म्हटल्यास गच्चीच्या जलरोधनासाठी वापरले जाणारे ‘ब्लोन’ प्रकारचे, ८५/२५ प्रतीचे बिटुमेन हाती पडण्याचा संभव असतो. ते सहज वितळत नाही, परंतु वाहनांच्या वर्दळीखाली लवकर तडकते.

रस्त्याच्या बिटुमेनची प्रतवारी पूर्वी सुईच्या वेधनावरून करीत. २५ अंश सेल्सिअस तापमानाला १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंदांत ६ ते ७ मिलिमीटर रुतली, तर ते ६०/७० प्रतीचे. भारतीय मानक ७३ च्या २००६ मधील सुधारणेने ही पद्धत सोडून ६० अंश तापमानाच्या विष्यंदितेवर (व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध) आधारित व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड)–१०, २०, ३० आणि ४० अशा प्रती ठरवल्या. जुन्या ६०/७० च्या जागी स्थूलमानाने व्हीजी–३० येते. सोलापूरच्या एप्रिल–मेमध्ये हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि काळ्या पृष्ठभागाचे ६० अंशांच्या आसपास पोहोचते, हे लक्षात घेता नवी कसोटी इथल्या परिस्थितीला अधिक जवळची आहे. ठेकेदार बोलण्यात अजूनही ‘साठ–सत्तर’च म्हणतात.

जमीन : शहर दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेले असून अनेक भागांत वर काळी माती आणि तिच्याखाली मुरूम आढळतो. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट वर्गाची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि सुकल्यावर आक्रसतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच हालचाल ड्राइव्हवेच्या खालीही होत असते. म्हणून मधोमध लांबट, काहीशी वेडीवाकडी भेग दिसली तर वरून डांबर ओतून ती बुजवण्याने एखादा पावसाळा निघतो, अधिक नाही. अशा ठिकाणी काळी माती सुमारे अर्धा मीटर खोल काढून मुरूम थराथराने पाणी मारून दाबणे, किंवा मातीत साधारण ३ ते ५ टक्के चुना मिसळून तिची फुगण्याची वृत्ती कमी करणे, असे उपाय सांगितले जातात. घरगुती कामात पहिला सुलभ आहे, कारण चुना एकजीव मिसळण्यासाठी लागणारी यंत्रणा लहान आवारात आणणे परवडत नाही.

पाहणी : दोष पृष्ठभागात आहे की त्याखालील भरावाच्या थरात, हे ठरवणे हा नियोजनाचा गाभा होय. खडी सुटून पृष्ठभाग खरखरीत झाला असेल आणि खाली ठाम लागत असेल, तर वरचा थर पुरतो. मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा पडून टाचेखाली लवचीक वाटत असेल, तर तेवढा भाग खणून काढण्याला पर्याय नाही. कडेचे तुकडे पडत असतील, तर आधाराची कड किंवा मुरमाची बाजूपट्टी धुपलेली असते. गाडी रोज जिथे उभी राहते तिथे ऑइल किंवा पेट्रोल ठिबकून बिटुमेन मऊ पडलेले आढळते, आणि असा डाग कापून काढल्याशिवाय त्यावर नवा थर धरत नाही. पाण्यासाठी बादलीची परीक्षा पुरेशी आहे : पोर्चजवळ एक बादली पाणी ओतावे आणि ते कुठे वळते, कुठे थबकते, ते खडूने आखून ठेवावे. उतार साधारण ५० ला १ असावा आणि तो गटाराकडे, घराच्या पायाकडे नव्हे.

सोलापुरात याला आणखी एक गोष्ट जोडावी लागते. महापालिकेचे पाणी काही दिवसांआड येत असल्याने बहुतेक घरांना जमिनीखाली हौद असतो, आणि नळजोडणी रस्त्याकडून येत असल्याने तो बहुधा फाटकाच्या आत, नेमका ड्राइव्हवेखाली बांधलेला असतो. त्याच्या स्लॅबवरून कंपन करणारा रोलर नेऊ नये. काम काढण्यापूर्वी हौदाच्या चारही कडा, झाकण आणि नळाची वाट पृष्ठभागावर आखून घ्यावी. हौदालगतचाच भाग पुन्हापुन्हा खचत असेल, तर हौद झिरपतो काय हे आधी पाहावे. भरलेल्या हौदाची पातळी रात्रभर पाणी न उपसता दोन–तीन सूत उतरली, तर उत्तर मिळाले.

परिमाण व सामग्री : ३ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब ड्राइव्हवेवर दाबून २५ मिलिमीटरचा थर द्यायचा तर खडी व बिटुमेनचे सुमारे २ टन गरम मिश्रण लागते. हॉटमिक्स प्लँटच्या दृष्टीने ही मात्रा नगण्य असते आणि तेवढ्यासाठी डंपर सहसा निघत नाही. त्यामुळे परिसरात रस्त्याचे काम चालू असताना रीतसर बिल घेऊन त्याच ठेकेदाराकडून माल घेणे किंवा शेजारच्या दोन–तीन घरांनी मिळून मागणी नोंदवणे हेच व्यवहार्य ठरते. व्हीजी–३० चे मिश्रण पसरताना १४० अंशांच्या खाली आणि रोलर फिरवून होईपर्यंत ९० अंशांच्या खाली उतरलेले नसावे. ट्रकमधील थोडाच माल लांबवरून आणला, तर तो वाटेतच निवतो. २० मिलिमीटरचे खुले कार्पेट (खडीत फटी राहणारा पातळ थर) केले तर त्यातून पाणी झिरपते, म्हणून वर सील कोट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, आवश्यक असतो. स्वस्त दरपत्रकातून वगळली जाते ती बहुधा हीच बाब.

एक–दोन खड्डेच बुजवायचे असतील, तर पिशवीतील, न तापवता वापरायचे थंड मिश्रण सोयीचे. एक चौरस मीटर क्षेत्र ४० मिलिमीटर खोल भरण्यास २५ किलोच्या साधारण चार पिशव्या लागतात. खड्डा वेडावाकडा न ठेवता छिन्नीने चौकोनी कापतात, बाजू उभ्या करतात, धूळ झाडतात आणि तळाला व कडांना चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम या प्रमाणात इमल्शन (पाण्यात मिसळलेले बिटुमेन) फासतात. इमल्शन लावताना चहाच्या रंगाचे असते. त्यातील पाणी सुटले की ते काळे पडते, आणि मिश्रण टाकण्याची वेळ तीच. घाईने तपकिरी असतानाच भरल्यास ठिगळ सरकते. भराव धुमसाने कडेकडून मधे ठोकीत आणतात आणि आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित उंच ठेवतात.

काळ : खालच्या भरावाचे काम दिवाळीनंतर, जमिनीत मध्यम ओल असताना करणे चांगले. भर उन्हाळ्यात माती पूर्ण आक्रसलेली असते आणि तेव्हा घातलेला भराव पावसाळ्यात उचलला जातो. पृष्ठभागाचे काम जानेवारीतील सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर अक्षय्य तृतीयेपर्यंत उरकावे. सप्टेंबर हा इथला मोठ्या पावसाचा महिना असल्याने जुलै–ऑगस्टमधील उघडीप पाहून काम काढणे धोक्याचे असते. फाटकाबाहेरील उतरण आणि गटारावरील भाग सार्वजनिक जागेत मोडतो, तेथे खोदण्यापूर्वी महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. नव्या गरम थरावर दुसऱ्या दिवसापासून चारचाकी नेता येते, मात्र पहिल्या उन्हाळ्यात दुचाकीच्या स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवतात, नाहीतर स्टँड डांबरात रुतून दुपारपर्यंत गाडी आडवी होते.