लिनक्सवरील गेमिंग

लिनक्सवरील गेमिंग : लिनक्सवर आधारलेल्या कार्यप्रणालींत पीसी गेम खेळण्याची पद्धत आणि तिच्यासाठी उभी राहिलेली सॉफ्टवेअरची साखळी. हे गेम दोन प्रकारे चालतात. काही निर्माते लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती बांधतात. तिला मूळ आवृत्ती किंवा पोर्ट म्हणतात. दुसऱ्या प्रकारात विंडोजसाठी बनवलेला गेम तसाच घेतला जातो आणि तो चालू असताना विंडोजकडे ज्या ज्या गोष्टी मागतो त्या लिनक्सकडून पुरवल्या जातात. २०१८ नंतर या दुसऱ्या प्रकाराने पहिल्याला बरेच मागे टाकले. त्यामुळे या नोंदीचा भर त्यावरच आहे.

आरंभ : व्यापारी गेमपुरते पाहिले तर आरंभ १९९४ चा धरतात. त्या वर्षी आयडी सॉफ्टवेअरमधील डेव्ह टेलर यांनी ‘डूम’ लिनक्सवर आणला. त्याआधीही नेटहॅकसारखे युनिक्सवरचे अक्षरांचे गेम लिनक्सवर बांधून घेता येत होते. म्हणून डूमला सरसकट ‘पहिला’ म्हणणे काटेकोर ठरत नाही. डिसेंबर १९९७ मध्ये डूमचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला झाला तो लिनक्स आवृत्तीचा होता, ही बाब मात्र लक्षणीय आहे.

पोर्ट करणे हाच धंदा म्हणून चालवण्याचा पहिला मोठा प्रयत्न लोकी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीचा. स्कॉट ड्रेकर यांनी ती १९९८ मध्ये काढली, १९९९ मध्ये ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’ची लिनक्स आवृत्ती विक्रीस आणली, ऑगस्ट २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद झाली. तिच्या अपयशाची मीमांसा दोन प्रकारे होते. लिनक्स वापरणारा गेमसाठी पैसे मोजत नाही, हे एक मत. दुसऱ्या मतानुसार पोर्ट बाजारात येईपर्यंत विंडोज आवृत्ती स्वस्त झालेली असे आणि एकाच संगणकावर दोन्ही कार्यप्रणाली ठेवणाऱ्या ग्राहकाने ती आधीच घेतलेली असे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण २०१० मध्ये ‘हम्बल इंडी बंडल’ या ऐच्छिक किमतीच्या विक्रीत लिनक्सवाल्यांनी मोजलेली सरासरी रक्कम विंडोजवाल्यांपेक्षा जास्त होती. लोकी बुडाली, तरी तिथे मुख्य प्रोग्रामर असलेल्या सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) टिकली. खिडकी, आवाज, कीबोर्ड व जॉयस्टिक यांचे काम सर्व कार्यप्रणालींवर सारख्याच रीतीने करून देणारी ही लायब्ररी आज असंख्य गेममध्ये आहे. लँटिंगा पुढे व्हॉल्व्ह कंपनीत गेले.

वाइन : विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या या प्रकल्पाची सुरुवात १९९३ च्या मध्यात झाली. त्याचे नाव आज बहुधा अलेक्झांड्र जुलियार यांच्याशी जोडले जाते, आणि १९९४ पासून सूत्रे त्यांच्याकडे असल्याने ते स्वाभाविकही आहे. प्रारंभीची जुळवाजुळव मात्र बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांची. प्रेरणा सन मायक्रोसिस्टिम्सच्या वाबी या उत्पादनाची होती. वाबीला सोबत खऱ्या विंडोज ३.१ ची प्रत लागे. वाइनने विंडोजच्या लायब्ररीच नव्याने लिहायचे ठरवले. हा फरक निर्णायक ठरला, कारण त्यामुळे वापरणाऱ्याला मायक्रोसॉफ्टकडून काहीच विकत घ्यावे लागले नाही. किंमत वेळेत मोजावी लागली : १.० ही आवृत्ती १७ जून २००८ रोजी, म्हणजे पंधरा वर्षांनी बाहेर पडली.

वाइन हे एम्युलेटर आहे की नाही, हा वाद जुना आहे. एम्युलेटर एका प्रोसेसरच्या सूचना दुसऱ्या प्रोसेसरवर नक्कल करून चालवतो. वाइनमध्ये तसे होत नाही. गेममधील सूचना थेट प्रोसेसरवरच धावतात. फक्त ‘फाइल उघड’, ‘खिडकी दाखव’ असे आवाहन गेमने केले की त्याला उत्तर वाइनची लायब्ररी देते, आणि विंडोजचा कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) जी कामे करतो त्यांतील काही वाइनसर्व्हर नावाची स्वतंत्र प्रोसेस (वेगळा चालणारा प्रोग्राम) करते. तांत्रिक अर्थाने वाइनला एम्युलेटर न म्हणणे योग्य. वेग कमी झालाच तर तो प्रामुख्याने या उत्तरांच्या ठिकाणी होतो, हे पुढील इतिहास समजण्यासाठी ध्यानात ठेवावे.

वाइनमध्ये गेमला प्राधान्य देणारी पहिली कंपनी कॅनडातील ट्रान्सगेमिंग. तिचे वाइनएक्स (२००४ नंतर सिडेगा) हे उत्पादन वर्गणीवर मिळे. वाइनचा तेव्हाचा परवाना सैल असल्याने त्यातला कोड घेऊन सुधारणा स्वतःजवळ ठेवणे कायदेशीर होते, आणि ट्रान्सगेमिंगने तेच केले. मार्च २००२ मध्ये वाइनने एलजीपीएल परवाना स्वीकारला, तेव्हापासून बदल परत देणे बंधनकारक झाले. या निर्णयाचे महत्त्व सामान्य लेखनात पुरेसे सांगितले जात नाही. पुढे व्हॉल्व्हसारखी मोठी कंपनी वाइनवर खर्च करू लागली तेव्हा ते काम सर्वांच्या हाती आले, त्याचे एक मूळ या परवान्यात आहे.

व्हॉल्व्हचा प्रवेश : जुलै २०१२ मध्ये व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी विंडोज ८ ही पीसी क्षेत्रावरची आपत्ती असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे ॲप दुकान आले होते, आणि व्हॉल्व्हचे उत्पन्न स्टीम या गेमच्या दुकानावर अवलंबून होते. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटण्याची धास्ती हे कारण बहुतेक अभ्यासक मान्य करतात. ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनीने ‘लेफ्ट फोर डेड २’चे आकडे दिले : लिनक्सवर सुरुवातीला सेकंदाला अवघ्या ६ फ्रेम (चित्रे), सुधारणांनंतर ३१५, त्याच यंत्रावर विंडोजमध्ये २७०.६. लिनक्ससाठीचे स्टीम १४ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वांसाठी खुले झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये बाजारात आलेली ‘स्टीम मशीन’ यंत्रे मात्र चालली नाहीत. त्यांवर फक्त मूळ लिनक्स आवृत्त्या चालत, आणि लोकप्रिय गेमपैकी बरेच तिथे नव्हते. दुकान उघडले, पण माल आला नाही, ही अडचण पोर्टच्या मार्गाने सुटणारी नव्हती.

प्रोटॉन : २१ ऑगस्ट २०१८ रोजी व्हॉल्व्हने प्रोटॉन जाहीर केले. कोडवीव्हर्स या कंपनीच्या सहकार्याने वाइनला दिलेले हे गेमकेंद्री रूप स्टीममध्येच समाविष्ट असते. गेम उतरवून ‘प्ले’ दाबण्यापलीकडे वापरणाऱ्याला सहसा काही करावे लागत नाही. पहिल्या दिवशी तपासून मान्य केलेले गेम २७ होते, पण उरलेलेही स्वतःच्या जबाबदारीवर चालवून पाहण्याची सोय दिली होती. त्यातूनच खेळणाऱ्यांचे अनुभव गोळा करणारे प्रोटॉनडीबी हे संकेतस्थळ उभे राहिले.

प्रोटॉनचे यश मुख्यतः ग्राफिक्सच्या भाषांतरावर उभे आहे. विंडोजमधील गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्ट थ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या मानकात बोलतात. वाइन त्याचे ओपनजीएल या लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स मानकात रूपांतर करी, आणि या दोहोंची घडण इतकी भिन्न की रूपांतर मंद व अपुरे राही. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या व्हल्कन या मानकाने ग्राफिक्स कार्डापर्यंत जवळून पोचण्याची सोय दिली. २०१७ च्या उत्तरार्धात फिलिप रेबोले यांनी ‘नियर : ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर नीट चालावा या इच्छेने डायरेक्ट थ्रीडीचे व्हल्कनमध्ये भाषांतर करणारे डीएक्सव्हीके लिहायला घेतले, आणि काही महिन्यांतच व्हॉल्व्हने त्यांच्या कामाला आर्थिक पाठबळ दिले. डायरेक्ट थ्रीडी १२ चे काम व्हीकेडी-थ्रीडी-प्रोटॉन करते. भाषांतरात शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) ऐनवेळी तयार करावे लागत असल्याने खेळताना क्षणभर झटके बसत. यावर दोन उपाय झाले : तयार शेडर स्टीमने आधीच उतरवून ठेवणे, आणि नोव्हेंबर २०२२ मधील डीएक्सव्हीके २.० पासून व्हल्कनच्या नव्या विस्ताराचा वापर.

किरकोळ वाटणाऱ्या इतर अडचणीही पुष्कळ होत्या. विंडोज फाइलच्या नावात लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद मानत नाही, लिनक्स मानते. व्हॉल्व्हच्या पैशातून हा भेद न मानण्याची सोय लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल प्रणालीतच झाली आणि २०१९ मधील लिनक्स ५.२ मध्ये आली. व्हिडिओंच्या स्वरूपांवर पेटंट असल्याने कथाप्रसंगाच्या जागी रंगीत पट्ट्यांचे चाचणीचित्र दिसे. पुढे स्टीमकडून ते व्हिडिओ मोकळ्या स्वरूपात पुरवले जाऊ लागले.

धाग्यांची वाट पाहणी : आधुनिक गेममध्ये अनेक थ्रेड (धागे, म्हणजे प्रोग्रामचे समांतर चालणारे भाग) एकाच वेळी चालतात आणि एकमेकांसाठी थांबतात. विंडोजमध्ये एखादा थ्रेड म्हणू शकतो, ‘या पाच गोष्टींपैकी कोणतीही एक झाली की मला उठवा’, किंवा ‘पाचही झाल्या तरच उठवा, आणि पाचही त्याच क्षणी माझ्या ताब्यात द्या’. लिनक्सच्या कर्नलमध्ये या दुसऱ्या मागणीला समांतर काही नव्हते. वाइन अशी प्रत्येक मागणी वाइनसर्व्हरकडे पाठवी. एका फ्रेममध्ये हजारो मागण्या झाल्या की त्या एकाच प्रोसेसच्या दारात रांग लागे आणि प्रोसेसरचे बाकीचे कोअर रिकामे बसत. ईसिंक या पहिल्या उपायात थ्रेड ज्यासाठी थांबतो त्या प्रत्येक वस्तूला कर्नलमधील इव्हेंटएफडी (घटना कळवणारी, उघड्या फाइलींत मोजली जाणारी सोय) जोडला. वेग वाढला, पण उघड्या फाइलची मर्यादा ओलांडून काही गेम कोसळू लागले. मग फ्युटेक्सवर (थ्रेडना थांबवण्याच्या व उठवण्याच्या कर्नलमधील हलक्या सोयीवर) आधारलेले एफसिंक आले. त्यासाठी लागणारी, एकाहून जास्त फ्युटेक्सवर थांबण्याची सोय कोलाबोरा कंपनीतील आंद्रे अल्मेडा यांच्या कामातून जानेवारी २०२२ मधील लिनक्स ५.१६ मध्ये अधिकृत झाली. तरीही विंडोजचे काही बारकावे दोन्ही उपायांत केवळ अंदाजाने साधलेले होते, आणि वाइनच्या मूळ शाखेने ते स्वीकारले नाहीत.

एलिझाबेथ फिगुरा यांनी लिहिलेल्या एनटीसिंक या ड्रायव्हरने (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या भागाने) विंडोजची ही वर्तणूक कर्नलमध्येच हुबेहूब उतरवली. मार्च २०२५ मधील लिनक्स ६.१४ पासून तो वापरण्याजोगा झाला आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात वाइनने त्याला आधार दिला. ‘डर्ट ३’ हा गेम सेकंदाला ११०.६ फ्रेमवरून ८६०.७ वर गेल्याचा फिगुरा यांचा आकडा पुष्कळ ठिकाणी उद्धृत होतो. तो साध्या वाइनशी केलेल्या तुलनेचा आहे. प्रोटॉनमध्ये एफसिंक आधीपासून असल्याने तेथे फरक पुष्कळ गेममध्ये अल्पच पडतो. एनटीसिंकचे खरे मोल अचूकतेत आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

स्टीम डेक आणि वापर : १५ जुलै २०२१ रोजी जाहीर झालेले आणि फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस ग्राहकांकडे जाऊ लागलेले स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र आर्च लिनक्स या लिनक्सच्या एका प्रकारावर बेतलेल्या स्टीमओएस ३ या कार्यप्रणालीवर चालते. त्याच सुमारास आलेल्या ‘एल्डन रिंग’मधील झटके व्हॉल्व्हने प्रोटॉनमधून कमी केले, तेव्हा विंडोजवरचे खेळाडूही तीच तक्रार करत होते. मे २०२५ मध्ये लेनोव्होचे लीजन गो एस हे तसेच यंत्र स्टीमओएससह विक्रीस आले; नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने नवे स्टीम मशीन जाहीर केले.

स्टीमच्या मासिक सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा २०२१ मध्ये एक टक्क्याच्या आसपास होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो प्रथमच तीन टक्क्यांवर गेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, यात काहीजण या वाढीचे कारण शोधतात. वाढ त्याआधीपासून चालू होती आणि त्यात स्टीमओएसचा भाग मोठा आहे, हे पाहता डेकला अधिक श्रेय द्यावे लागते. हे सर्वेक्षण ऐच्छिक असून चिनी वापरकर्त्यांचे प्रमाण बदलले की लिनक्सचा आकडाही हलतो. एकेका महिन्याच्या चढउतारावरून निष्कर्ष काढू नयेत.

एएमडीच्या कार्डांसाठी खुले ड्रायव्हर कर्नल आणि मेसा या खुल्या ग्राफिक्स प्रकल्पामध्येच असल्याने ती सहसा विनासायास चालतात. एनव्हिडियाच्या कार्डांची स्थिती २०२४ पासून बरीच सुधारली आहे. त्यांवर डायरेक्ट थ्रीडी १२ च्या गेममध्ये विंडोजच्या मानाने वेग कमी पडणे मात्र सुरू आहे.

अँटी-चीट : आजची सर्वांत मोठी मर्यादा ही. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये फसवणूक पकडणारी सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये शिरून पहारा देतात. प्रोटॉनमध्ये विंडोजचा कर्नलच नसतो. सप्टेंबर २०२१ मध्ये इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्हींनी प्रोटॉनसाठी सोय दिली, पण ती चालू करायची की नाही हे प्रत्येक निर्माता ठरवतो. ‘फोर्टनाइट’ने ती दिली नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ने दिली आणि लिनक्समधून फसवणूक वाढल्याचे सांगून ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी काढून घेतली. २०२४ मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये व्हॅनगार्ड हे अँटी-चीट आले, तेव्हा वाइनवर वर्षानुवर्षे चालणारा तो गेमही बंद पडला. लिनक्समध्ये वापरणारा स्वतःचा कर्नल बदलू शकतो, ही निर्मात्यांची शंका निराधार नाही. परंतु कर्नलमधील पहारा असतानाही विंडोजवर फसवणूक संपलेली नाही, आणि प्रामाणिक खेळाडूने पैसे देऊन घेतलेला गेम एका रात्रीत हातचा जातो, ही गोष्ट अन्यायाचीच आहे.

पोर्टचे भवितव्य : प्रोटॉनमुळे पोर्ट करण्याचे प्रयोजनच उरणार नाही, हा आक्षेप सिडेगाच्या काळापासूनचा. तो काही अंशी खरा ठरला. फेरल इंटरॲक्टिव्हसारख्या कंपन्यांचे लिनक्स पोर्ट कमी झाले. ‘रॉकेट लीग’ची लिनक्स आवृत्ती मार्च २०२० मध्ये मागे घेण्यात आली. दुसऱ्या बाजूला, दहा वर्षांपूर्वीचे कित्येक पोर्ट बदललेल्या लायब्ररींमुळे आज कुरकुरतात, आणि त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमध्ये सुरळीत चालते. जुने गेम जपण्याच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे.

भारत : व्हॉल्व्हने स्टीम डेकची अधिकृत विक्री सुरुवातीला भारतात केली नाही, येथे आलेली यंत्रे प्रामुख्याने बाहेरून आणलेली. भारतातील ई-स्पोर्ट्स स्पर्धांत लोकप्रिय असलेला आणि मुंबईत सर्व्हर असलेला ‘व्हॅलोरंट’ व्हॅनगार्डमुळे लिनक्सवर चालत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) पीसीसाठी विंडोज आवृत्तीतच निघाला; तो एकट्याने खेळायचा असल्याने अँटी-चीटचा प्रश्न येत नाही, आणि लिनक्सवर त्याच्याकडे जाणारी वाट प्रोटॉनचीच आहे.