2882 आणि 2785 यांची तुलना का होत नाही

बुद्धिबळातला सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद निघाला की कुणीतरी रेटिंग पुढे करतंच. कार्लसन 2882 (मे 2014), कास्पारोव्ह 2851 (1999), फिशर 2785 (1972). झालं, कार्लसन पहिला! पण हे आकडे असे एका रांगेत लावता येत नाहीत. ते का, हे कळायला रेटिंग कसं चालतं ते पाहावं लागतं, आणि मला ती रचना खेळाइतकीच देखणी वाटते.

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची ही पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970 मध्ये स्वीकारली. ती दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून निकालाचा अंदाज बांधते. सूत्र असं: फरकाला 400 ने भागा, 10 चा तेवढा ऋण घात घ्या, त्यात 1 मिळवा आणि 1 ला त्याने भागा. फरक 100 असेल तर उत्तर 0.64, 200 असेल तर 0.76. वरच्या खेळाडूने डावामागे सरासरी इतके गुण (जिंकल्यास 1, बरोबरीत अर्धा) मिळवायला हवेत.

आता 2800 वाला 2700 वाल्याशी खेळला. जिंकला तर 1 वजा 0.64, गुणिले 10 (अव्वल खेळाडूंसाठी ठरलेला गुणक), म्हणजे रेटिंगमध्ये 3.6 ची कमाई. बरोबरी झाली तर 1.4 गेले, हरला तर 6.4. दोघांचा गुणक 10 च असेल, तर एकाचं जेवढं गेलं तेवढंच दुसऱ्याला मिळालं.

म्हणजे अशा डावात रेटिंगचे गुण तयार होत नाहीत, फक्त हात बदलतात. सगळ्यांच्या गुणांचा मिळून एक हौद मानला, तर त्याची पातळी हलते ती दोघांचे गुणक वेगळे असले, नवे खेळाडू आले किंवा जुने आपले गुण घेऊन निवृत्त झाले की. उद्या सगळ्यांना 500 गुण वाढवून दिले तरी एकही अंदाज बदलणार नाही, कारण सूत्राला फक्त फरक दिसतो. 1972 च्या आणि 2014 च्या हौदाला सामाईक तळ नाही.

संगणकाकडून चाली तपासण्याचाही मार्ग आहे. गुइड आणि ब्राटको या संशोधकांनी 2006 मध्ये जगज्जेत्यांचे डाव असे तपासले, तेव्हा कापाब्लांका पहिला आला. पण शांत शैलीच्या खेळाडूला ही तपासणी झुकतं माप देते, कारण शांत डावात चुका मुळातच कमी होतात. आणि ‘अमक्याचा बुद्ध्यांक 190’ असले फिरते संदेश म्हणजे निव्वळ भाकडकथा. त्याने पटावरचं काहीच मोजलं जात नाही.

समकालीनांमधलं अंतर मात्र मोजता येतं. 1972 मध्ये फिशर दुसऱ्या क्रमांकावरच्या स्पास्कीपेक्षा 125 गुणांनी पुढे होता. पण जगज्जेता झाल्यावर तो 1992 पर्यंत जाहीर सामना खेळलाच नाही. कास्पारोव्ह 1984 ते 2005 जवळजवळ सलग अव्वल राहिला, म्हणून माझं मत त्याला.