पाटलोणीतला सिंह

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत शिंप्याची पिवळी पडलेली पावती सापडली. तीवर शाईनं लिहिलेलं : ‘कोट १, पाटलोण २’. घरातल्या मुलांना पँट ठाऊक, पाटलोण नाही. खरं तर दोन्ही शब्दांचं मूळ एकच, आणि ते थेट इटलीच्या रंगभूमीवर जातं.

सोळाव्या शतकात तिथं ‘कॉमेडिया देल्लार्ते’ नावाची मुखवट्यांची नाटकं रंगत. त्यातला पांतालोने हा व्हेनिसचा म्हातारा, चिक्कू व्यापारी. आकडेदार नाकाचा मुखवटा, पुढे आलेली टोकदार दाढी, काळा झगा आणि खाली कमरेपासून पावलांपर्यंत अंगाला चिकटलेली लाल विजार. नाव घेतलं होतं संत पांतालेओनेवरून. व्हेनिसमध्ये त्याचं चर्च आजही आहे.

आता माणसाच्या नावाचं कापड झालं कसं? शाळेत आपण लक्षणा शिकलो. ‘बाबा ताटावर बसले’ म्हटलं की कुणी बाबांना ताटात बसवत नाही. जवळच्या वस्तूचं नाव जवळच्या गोष्टीला लागतं. इथं पात्राचं नाव त्याच्या विजारीला लागलं. क्रम पुराव्यानं दिसतो : १६००च्या सुमारास शेक्सपिअरच्या नाटकात ‘पँटलून’ म्हणजे हडकुळा म्हातारा. कपडा हा अर्थ इंग्रजीत नंतरचा. फ्रान्समध्ये हा शब्द ‘पांतालाँ’ झाला. १७८९च्या क्रांतीत गुडघ्यापर्यंतची तंग ‘क्यूलॉत’ ही उमरावांची खूण ठरली, तर कष्टकऱ्यांची लांब पांतालाँ क्रांतिकारकांची. पुढे अमेरिकेत ‘पँटलून्स’ची कापून ‘पँट्स’ झाली.

या शब्दाची एक खोटी व्युत्पत्तीही चिकाटीनं टिकून आहे. व्हेनिसचे व्यापारी जातील तिथं सिंहाचा झेंडा रोवत, म्हणून ‘पियांता लेओने’, म्हणजे ‘सिंह रोवणारा’, असं ती सांगते. गोष्ट ऐकायला छान, पण संताचं नाव व्हेनिसच्या झेंड्याहून कितीतरी शतकं जुनं आहे. आवाज जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली, असं मानणारे आपल्याकडेही थोडे नाहीत. जगातला प्रत्येक शब्द ते संस्कृतात नेऊन बसवतात. व्युत्पत्तीला काळाचा पुरावा लागतो, आणि ध्वनी कसे बदलले याचा नियमही.

तो नियम मराठीत बघा. दंतचा दात झाला, पंचचे पाच, कंटकाचा काटा. व्यंजनाआधीचा अनुनासिक गळतो आणि भरपाई म्हणून मागचा स्वर लांबतो. ‘पँट’चा ‘पाट’ त्याच वळणाचा. शेवटच्या ‘न’चा ‘ण’ होणंही ओळखीचं : साबूनचा आपण साबण केलाच. इंग्रज अमदानीत आलेल्या परक्या शब्दाला मराठी जिभेनं आपल्या घडणीत असं बसवून घेतलं.

मला सर्वांत आवडते ती गोष्ट ग्रीकमध्ये आहे. संताच्या नावाचे दोन तुकडे पडतात : ‘पांत’ म्हणजे सगळा आणि ‘लेओन’ म्हणजे सिंह. नखशिखांत सिंह! अमेरिकेत शब्द कापला गेला तो नकळत नेमका या सांध्यावर. त्यामुळे मुलांच्या पँटमध्ये नुसतं ‘सगळं’ उरलंय, सिंह गेला. आजोबांच्या पावतीवरच्या ‘लोण’मध्ये मात्र तो अजून आहे.