पहिली पंगत, दुसरी पंगत : बोटीवर जेवायची जागा कोण ठरवतं?

मुंबईहून क्रूझवर निघालेल्या कुटुंबाला खोली कोणती घ्यावी यापेक्षा जेवणाची चिंता जास्त असते. तिकिटातलं जेवण कुठे मिळेल, कुठे वेगळे पैसे पडतील, बुफेला जावं की टेबलावर बसावं, संध्याकाळची वेळ आधी राखून ठेवावी लागेल का, असे प्रश्न निघण्याआधीच सुरू होतात. जमिनीवर हॉटेलातलं जेवण आवडलं नाही तर माणूस समोरच्या खानावळीत जातो. समुद्रात समोर दुसरी खानावळ नसते. म्हणूनच प्रवाशाने कुठे, कधी आणि कोणाशेजारी बसून जेवायचं, हे दीडशे वर्षं जहाज कंपन्यांनीच ठरवलं. प्रवाशाच्या हातात ही निवड आली ती अगदी अलीकडे.

सुरुवातीला तर जेवण मिळायचीच खात्री नसे. अटलांटिक ओलांडून अमेरिकेला निघालेला गरीब स्थलांतरित स्वतःचा शिधा घेऊन चढायचा आणि डेकवरच्या सामाईक चुलीपाशी पाळी येण्याची वाट बघायचा. 1842 च्या ब्रिटिश कायद्याने जहाजांवर माणशी रोज 3 क्वार्ट (सुमारे 3.4 लिटर) पाणी आणि आठवड्याला 7 पौंड पाव, पीठ, ओटमील किंवा तांदूळ देण्याची सक्ती केली. वरच्या वर्गाला शिजवलेलं अन्न मिळे, पण निवड त्यांनाही नव्हती. एकच दालन, लांबच लांब टेबलं आणि घंटा झाली की बसायचं. बर्फाच्या पेट्या किंवा शीतगृहं आलेली नव्हती, तेव्हा ताजं मांस आणि दूध हवं असेल तर जनावरंच सोबत न्यावी लागत. क्युनार्ड कंपनीच्या 1840 च्या ‘ब्रिटानिया’वर दुधासाठी गाय होती. अशा भटारखान्यातून दोन प्रकारचे मेन्यू निघणं अशक्यच होतं.

आपल्याकडच्या प्रवाशाची अडचण आणखी वेगळी होती. 4 सप्टेंबर 1888 रोजी मोहनदास गांधी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने इंग्लंडला निघाले. काट्याचमच्याने खाता येत नव्हतं आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर होत नव्हता, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. त्यामुळे ते जेवणाच्या टेबलावर गेलेच नाहीत. घरून आणलेली मिठाई आणि फळं खोलीतच खात राहिले. पैसे भरलेले, जेवण तयार, आणि तरीही एक तरुण दाराआड बसून खातो आहे. शाकाहारी माणसाने परक्या जहाजावर पाऊल ठेवताना पोटात येणारा गोळा किती जुना आहे, हे यावरून कळतं.

त्याच काळात पी अँड ओसारख्या ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या बोटींवर वाढणारे हात बहुतेक गोव्याचे होते. कामाची वाटणीच तशी असे. डेकवर एका भागातले लोक, इंजिनाशी दुसऱ्या, आणि जेवणाच्या दालनात व भटारखान्यात गोवेकर. कोकणीत त्यांना तारवटी म्हणतात. बोट सुटून दुसरी मिळेपर्यंत ते मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागातल्या आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहत. समुद्रावरच्या जेवणाच्या इतिहासात मालकांची आणि शेफची नावं सापडतात, या माणसांची सापडत नाहीत. मला ही उणीव फार खटकते. आजही कुठल्याही मोठ्या क्रूझवर वाढायला आलेल्या माणसाच्या छातीवरचा बिल्ला वाचा, गोव्याचं आडनाव दिसण्याची शक्यता बरीच असते.

कुठे जेवायचं याचा पर्याय पहिल्यांदा दिला तो हँबुर्गच्या अल्बर्ट बालिन यांनी. हँबुर्ग-अमेरिका लाइनचे ते प्रमुख. 1891 च्या जानेवारीत ऐन हिवाळ्यात, अटलांटिकवर प्रवासी मिळत नाहीत म्हणून, त्यांनी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट भूमध्य समुद्रात निव्वळ हौसेच्या सफरीला धाडली. आजच्या क्रूझ व्यवसायाचं मूळ अनेक जण त्या सफरीत बघतात. पुढे लंडनच्या कार्लटन हॉटेलात जेवताना त्यांना वाटलं, हे असं बोटीवर का नसावं? 1905 मध्ये त्यांच्या ‘अमेरिका’ या जहाजावर नामांकित हॉटेलचालक सेझार रिट्झ यांच्या नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं आणि त्याच्या उभारणीत फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिए यांचा सल्ला होता. छोटी टेबलं, हवी ती वेळ, यादीतून हवा तो पदार्थ आणि त्याचे वेगळे पैसे. आज ‘स्पेशालिटी रेस्टॉरंट’ म्हणून जे मिळतं, ते आराखड्यासकट इथे तयार होतं.

व्हाइट स्टार कंपनीने हीच कल्पना ‘ऑलिंपिक’ आणि ‘टायटॅनिक’वर आणली. ‘टायटॅनिक’च्या पहिल्या वर्गाचं मोठं भोजनगृह डी डेकवर होतं. बी डेकवरचं आ ला कार्त, म्हणजे यादीतून पदार्थ निवडून मागवायचं, रेस्टॉरंट मात्र लुइजी गट्टी या इटालियन व्यावसायिकाकडे चालवायला दिलेलं होतं. 14 एप्रिल 1912 च्या रात्री कॅप्टन स्मिथ यांच्या सन्मानार्थ वायडनर या श्रीमंत अमेरिकन कुटुंबाने मेजवानी दिली ती इथेच. गट्टींची माणसं बहुतेक इटालियन आणि फ्रेंच होती. सुमारे 70 जणांपैकी 3 वाचले : रोखपालाचं काम करणाऱ्या दोन स्त्रिया आणि पॉल मोजे हा कारकून. या कर्मचाऱ्यांना वर जाऊ दिलं जात नव्हतं आणि आपण प्रवाशासारख्या कपड्यांत होतो म्हणून निसटलो, असं मोजे यांनी चौकशीत सांगितलं. गट्टीही बुडाले. पैसेवाल्यांना दिलेल्या त्या पर्यायामागे कोण राबत होतं, हे एरवी कोणी विचारलंही नसतं.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात दालनं भव्य झाली. 1935 च्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजाचं भोजनगृह व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालापेक्षा लांब होतं. निवड मात्र तिकिटाच्या वर्गावरच अडली. क्युनार्डमध्ये तर खोलीच्या दर्जानुसार रेस्टॉरंट ठरवण्याची पद्धत आजही आहे.

1958 मध्ये अटलांटिकवर जेट विमानं उडू लागली आणि बोटींचा धंदाच बदलला. 1966 मध्ये ‘सनवर्ड’ ही बोट मायामीहून कॅरिबियनला जाऊ लागली, मागोमाग बाकीच्या कंपन्या उतरल्या. वर्ग गेले, सगळे एकाच भोजनगृहात आले. पण सगळे प्रवासी एका वेळी मावतील एवढं दालन बांधलं तर खोल्यांची जागा जाते. म्हणून दालन निम्म्या प्रवाशांपुरतं आणि पंगती दोन : पहिली संध्याकाळी सहाच्या सुमाराला, दुसरी आठनंतर. टेबल ठरलेलं, सोबती ठरलेले, वाढपीही ठरलेला. लग्नघरात पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, तोच हिशोब. या पद्धतीला जाचक म्हणून नावं ठेवली जातात, मला ते पूर्ण पटत नाही. तिसऱ्या दिवशी न सांगता तिखट कमी करून आणणारा वाढपी आणि आठवडाभरात ओळखीचं झालेलं शेजारचं कुटुंब या शिस्तीतूनच मिळत होतं. शेवटच्या रात्री त्याच वाढप्याच्या हातात बक्षिसीचं पाकीट पडे.

ही घडी आशियातून मोडली. 1990 मध्ये ‘क्रिस्टल हार्मनी’ने मुख्य भोजनगृहाखेरीज इटालियन आणि जपानी रेस्टॉरंट दिली होती, पण ती चैनीची बोट. 1993 मध्ये मलेशियाच्या गेंटिंग समूहाने स्टार क्रूझेस काढली. तिचे प्रवासी कुटुंबकबिल्यासह येत, चिनी, भारतीय, पाश्चात्त्य असं वेगवेगळं खात आणि सहा वाजता सूट घालून टेबलावर बसायला तयार नसत. त्यांच्यासाठी अनेक छोटी रेस्टॉरंट आणि मोकळी वेळ हाच मार्ग होता. 2000 मध्ये या कंपनीने नॉर्वेजियन क्रूझ लाइन ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी तिथे ‘फ्रीस्टाइल’ पद्धत सुरू झाली : केव्हाही या, कुठेही बसा. ठरलेला वाढपी गेला तशी पाकिटाचीही प्रथा मोडली आणि रोजचं सेवाशुल्क बिलात लागू लागलं. आज अनेकांना खुपणाऱ्या त्या रकमेची सुरुवात जेवणाच्या मोकळिकीशी बांधलेली आहे. याच स्टार क्रूझेसची ‘सुपरस्टार लिब्रा’ 2005 मध्ये मुंबईत आली, आणि अनेक मराठी कुटुंबांनी क्रूझ पहिल्यांदा पाहिली ती तिच्यावर.

मोकळीक किती द्यावी याचीही परीक्षा झाली. 2014 मध्ये रॉयल कॅरिबियनने ‘क्वांटम ऑफ द सीज’वर मोठं भोजनगृहच रद्द केलं आणि त्याऐवजी वेगवेगळ्या मेन्यूंची चार रेस्टॉरंट तिकिटातच दिली. कागदावर ही चंगळच होती. प्रत्यक्षात रोज संध्याकाळसाठी आधी जागा राखा, नाहीतर रांगेत थांबा, आणि दर रात्री नव्या वाढप्याला नव्याने आवडीनिवडी सांगा. चार हजारांहून जास्त माणसांना साधारण एकाच वेळी भूक लागते आणि बहुतेकांना त्याच एखाद-दोन ठिकाणी जायचं असतं. दोन वर्षांत, 2016 मध्ये, कंपनीने तो प्रयोग गुंडाळून चारही दालनांत पुन्हा एकच मेन्यू आणला. जे नको म्हणून लोक कुरकुरत होते, तेच ठरलेलं टेबल त्यांनी परत मागून घेतलं.

सध्या मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणारी कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट 1990 मध्ये रॉयल कॅरिबियनसाठी ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधली गेली, म्हणजे दोन पंगतींच्या ऐन भरातल्या काळात. सप्टेंबर 2021 मध्ये तिच्या भारतातल्या फेऱ्या सुरू झाल्या. फूड कोर्ट आणि ‘स्टारलाइट’ रेस्टॉरंट तिकिटात, काही ठिकाणी वेगळे पैसे, आणि शाकाहारी व जैन जेवणाची सोय. बुकिंग करतानाच इथली माणसं सगळ्यात आधी विचारतात ते जेवणाचं, आणि मोकळेपणाने विचारतात : कांदालसणाशिवाय मिळेल ना, मांसाची भांडी वेगळी आहेत ना, वेळ काय.