मुन्सफ कोर्टापासून आजपर्यंत

मराठवाड्यात तालुक्याच्या कोर्टाला जुनी मंडळी अजून मुन्सफ कोर्ट म्हणतात. निजामाच्या राज्यात दिवाणी दाव्यांचा पहिला न्यायाधीश म्हणजे मुन्सफ. कामकाज उर्दूत, हायकोर्ट हैदराबादला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इथल्या न्यायाधीशांच्या बदल्या-बढत्या मुंबई उच्च न्यायालयाकडे गेल्या. औरंगाबादेत खंडपीठ बसायला मात्र 1981 उजाडलं.

आज याच खुर्चीचं नाव दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. सोबत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी हेही पद, त्यामुळे बांधाचा दावा आणि चोरीचा खटला एकाच साहेबांपुढे चालतो. भरती एमपीएससीतून. पुढे वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. सात वर्षं वकिली केलेल्यांना जिल्हा न्यायाधीशपदाची थेट परीक्षाही देता येते.

वाद आहे तो खालच्या दाराचा, म्हणजे कनिष्ठ स्तराच्या भरतीचा. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली. चांगली पोरं परीक्षेकडे फिरकत नाहीत, असं न्यायाधीशांच्या पगार-सेवाशर्ती पाहणाऱ्या शेट्टी आयोगाचं म्हणणं पडलं आणि 2002 मध्ये ती काढली. 20 मे 2025 च्या निकालाने ती परत आली. अभ्यासिकेत बसलेल्यांना हे जाचक वाटणारच. पण मराठवाड्यापुरतं बोलायचं तर मला अट पटते.

कारण इथल्या जमिनीचे कागद. वाटणीच्या दाव्यात 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर-ताब्यात याची जुनी नोंद, हमखास निघतं. त्याआधीचा कागद उर्दूत, साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कारभारातलं. फसलीत 590 मिळवायचे, म्हणजे 1358 हे 1948 च्या आसपासचं, हे कॉलेजात कोण सांगतं? उर्दू जाणणारा म्हातारा गाठून तर्जुमा (भाषांतर) करून घ्यायचा, मग समोरचा वकील त्या तर्जुम्यावरच हरकत घेणार. त्यात कुळाचा कायदाही वेगळा: पश्चिम महाराष्ट्रात 1948 चा मुंबईचा, इथे 1950 चा हैदराबादचा. कोल्हापूर-पुण्याहून बदलून आलेल्या मुरलेल्या न्यायाधीशालाही संरक्षित कुळाची कलमं नव्याने चाळावी लागतात. कूळ आहे की नाही, हा मुद्दा निघाला की तो ठरवायला तहसीलला पाठवायचा आणि दावा तोवर तसाच ठेवायचा, हेही इथे वकिलीची उमेदवारी करताना आपसूक कळतं.

1998 पासून जिल्हा-तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे. तरी बोर्डावरच्या एखाद्या जुन्या दाव्यात साक्ष मराठीत, दस्त उर्दूत आणि वकिलांनी पुढे केलेला हायकोर्टाचा निवाडा इंग्रजीत, असं अजूनही घडतं.